शिक्षण संपलं, परदेशातच आहे: साध्या सुखांबद्दल सांगली-तासगावकडून येणारे प्रश्न

दर वर्षी सुट्टीला घरी आले की दोन-तीन संध्याकाळी आमच्या ओसरीवर मंडळी जमतात. तासगाव, पलूस, मिरज, विश्रामबाग इकडची मुलं-मुली येतात, त्यांचे आईवडील येतात, कधी साताऱ्याहून मावशीच्या ओळखीतलं कुणी येतं. व्हिसा, फी, बँक हे विषय अर्ध्या तासात उरकतात. मग चहा येतो आणि मनातलं बाहेर पडायला लागतं. बहुतेकांचं शिक्षण तिकडे पूर्ण झालेलं असतं किंवा होत आलेलं असतं, आणि सगळ्यांचा सूर एकच असतो: पोचलो खरे, पण जगायला कधी सुरुवात करायची?

मी तासगाव तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, मास्टर्स जर्मनीत श्टुटगार्टला, आणि आता नोकरीही तिथेच. त्यामुळे नियम आणि उदाहरणं जर्मनीची आहेत. तुम्ही दुसऱ्या देशात असाल तर तिथले नियम तेवढे तपासून घ्या.

पदवी हातात आहे, नोकरी नाही. अशात मजा कसली करायची, ताई?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून याचं उत्तर सगळ्यात लांब.

माझं मास्टर्स संपलं तेव्हा आईने दिलेल्या भडंगाचं एक पाकीट माझ्याकडे शिल्लक होतं. घरचं भडंग. लसूण सालीसकट ठेचलेला, शेंगदाणे आमच्याच रानातले, कढीपत्ता तेलात कडक झालेला. मी ठरवलं, हे नोकरी लागल्यावरच फोडायचं. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. अर्ज करत गेले, नकार येत गेले. कधी रात्री एक-दीड वाजता फार खावंसं वाटायचं, तरी हात लावला नाही. सातव्या महिन्यात नोकरीचं पत्र आलं. त्या संध्याकाळी चहा टाकला, पाकीट फोडलं, आणि खोलीभर खवट तेलाचा वास पसरला. मुरमुरे चिवट झाले होते, शेंगदाणे कडू. तरी दोन घास खाल्ले. मग बाकीचं कचऱ्यात टाकलं आणि बराच वेळ रडले. आईला हे वर्षभराने सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अगं, संपलं असतं तर दुसरं पाठवलं असतं."

त्या सात महिन्यांत वरच्या फळीवर मी आणखी बरंच काही ठेवलं होतं. नेकार नदीच्या काठाने चालणं, मैत्रिणीकडे जेवायला जाणं, पेटीवरची गाणी ऐकणं, दुपारी खिडकीत ऊन आलं तर तिथे बसणं. यातल्या कशालाच पैसे लागत नव्हते. मला फक्त वाटायचं, अजून माझा हक्क नाही.

जर्मन विद्यापीठाची पदवी असली की नोकरी शोधायला १८ महिन्यांपर्यंतचा परवाना मिळतो. दीड वर्ष म्हणजे एक अख्खा वसंत, एक उन्हाळा, एक पानगळ, एक हिवाळा, आणि त्यावर आणखी दोन ऋतू. सगळा वेळ अर्ज करण्यात जातो असं आपण म्हणतो, पण खरा अर्ज, म्हणजे कंपनी समजून घेऊन नीट लिहिलेला, दिवसाला दोन-तीनच होतात. उरलेला वेळ तीच ती यादी वरखाली करण्यात जातो. माझ्या धाकट्या भावाला मी जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते: सकाळी नऊ ते एक अर्ज. एक वाजता लॅपटॉप मिटायचा, गरम जेवायचं आणि बाहेर पडायचं. नकार आलेल्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी तर नक्कीच.

अजून एक गोष्ट, जिची आधी कुणी कल्पना देत नाही. विद्यार्थी असताना दिवसाला आपोआप आकार असतो: लॅब, मेन्सामधलं (विद्यापीठाच्या खानावळीतलं) स्वस्त जेवण, गटाचा प्रोजेक्ट. पदवी मिळाली की हे सगळं एकदम थांबतं. सवलतीचा पास जातो, मित्रमंडळी कुणी म्युनिकला, कुणी हॅम्बुर्गला पांगतात. सोमवार आणि शुक्रवार सारखेच वाटायला लागतात. म्हणून आठवड्यातल्या दोन गोष्टी स्वतःच ठरवून टाका. माझ्या होत्या बुधवारचं ग्रंथालय आणि शनिवारचा भाजीबाजार. बुधवार आला की आज बुधवार आहे हे कळायचं. त्या काळात तेवढंही खूप होतं.

शिक्षणकर्ज वीस-पंचवीस लाखांचं आहे. बाहेर कॉफी प्यायलासुद्धा जीव होत नाही.

समजतं मला. आमचं घर पीककर्जावर चालायचं. सोसायटीचा हप्ता थकला की घरात आवाज कसा खाली येतो ते मी लहानपणापासून पाहिलंय. तेव्हा कर्ज विसरा असं मी कधीच म्हणणार नाही.

पण मी ज्या सुखांबद्दल बोलते त्यांतली बरीचशी फुकट आहेत. श्टुटगार्टच्या बाट कानश्टाट भागात खनिज पाण्याचे झरे आहेत. रस्त्यालगतच्या नळाला ते पाणी येतं, लोक बाटल्या घेऊन येतात आणि भरून नेतात. चव लोखंडासारखी, पहिल्यांदा आवडत नाही, चौथ्यांदा आवडते. २०११ मध्ये सुरू झालेलं शहराचं मुख्य ग्रंथालय म्हणजे एक मोठा फिकट करडा ठोकळा आहे. आत शिरलं की मजल्यामागून मजले पुस्तकं, मधे उघडी जागा आणि वरून येणारा उजेड. तिथे जाऊन बसायला एक पैसा पडत नाही, आणि थंडीत खोली गरम करायचा खर्चही वाचतो. आपल्या बाडेन-व्यूर्टेंबर्ग राज्यात (हो, इतक्या वर्षांनी 'आपल्या'च म्हणते) सप्टेंबरच्या सुमारास काही झाडांना पिवळी फीत बांधलेली दिसते. म्हणजे मालकाला फळं नको आहेत, कुणीही तोडून न्या. मी तिथून पिशवीभर सफरचंदं आणते आणि त्याचा साखरांबा करते.

थोडा खर्च करायचाच असेल तर डॉइचलँड-टिकीट घ्या. हा पास मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोला सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ झाला, २०२६ पासून ६३ आहे. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या त्यात चालत नाहीत, पण देशभरातल्या बस, ट्राम आणि प्रादेशिक रेल्वे चालतात. शनिवारी सकाळी कुठल्याही गाडीत बसायचं, नाव आवडेल त्या स्टेशनवर उतरायचं, चार तास फिरून परत यायचं. डबा घरचा.

आणि महिन्याला वीस युरो असे ठेवा ज्यांचा हिशोब कुणालाही द्यायचा नाही, स्वतःलाही नाही. हप्ता कितीचा आहे ते पाहून रक्कम कमी करा, पण शून्य करू नका.

रविवारी सगळं बंद असतं. वेड लागायची पाळी येते.

पहिले सहा महिने मलाही यायची. सांगलीत रविवारी मारुती रोडला पाय ठेवायला जागा नसते, आणि इथे दुकानांना कुलपं. रविवारची विश्रांती इथे राज्यघटनेनेच जपलेली आहे. भिंतीला ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायच्या नाहीत, कारण आवाज होतो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, भाजी भरून ठेवायची, एवढंच शिकायचं. मग रविवार आपला होतो. सकाळी चर्चच्या घंटा, मग शांतता. मी रविवारी कणीक मळते, आठवड्याच्या पोळ्या करून ठेवते, केसांना तेल लावते. घरी असताना आजी रविवारी तेल लावायची तेव्हा मी पळून जायचे.

हिवाळ्यात सूर्यच दिसत नाही. आनंद कुठून आणायचा?

आधी आकडे सांगते, म्हणजे दोष तुमच्या स्वभावाचा नाही हे कळेल. सांगलीत वर्षातला लहानात लहान दिवसही अकरा तासांचा असतो. श्टुटगार्टला डिसेंबरात तो सव्वाआठ तासांच्या आसपास येतो, आणि साडेचारला अंधार पडतो. त्यात ढग. आपलं शरीर या उजेडावर वाढलेलं नाही.

दुपारी बारा ते दोनच्या मधे वीस मिनिटं बाहेर पडा, ढग असले तरी. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी एकटीच उठून जायचे, आता आम्ही चौघी जातो. ड जीवनसत्त्व तपासून घ्या, डॉक्टर सांगतील त्या मापात घ्या. कोट चांगला घ्या, त्यात काटकसर नको. आणि संध्याकाळी घरात पांढऱ्या ट्यूबलाइटऐवजी पिवळ्या उजेडाचा छोटा दिवा लावा. इथली माणसं नोव्हेंबरपासून खिडकीत मेणबत्त्या का लावतात ते मला दुसऱ्या हिवाळ्यात उमजलं. मी निरांजन लावते.

जूनमध्ये याची भरपाई होते. रात्री साडेनऊला सूर्य मावळतो, रस्त्याकडेच्या लिंडनला फुलं येतात आणि सगळ्या गल्लीला मधासारखा वास येतो. त्या दोन आठवड्यांत मी कामावरून चालतच घरी येते.

गावाकडची आठवण आली की जीव कासावीस होतो. तसं काही दिसलं की जवळ जावं की टाळावं?

जवळ जावं. निदान माझा अनुभव तसा आहे.

श्टुटगार्ट वाडग्यासारखं शहर आहे, आणि वाडग्याच्या काठांवर द्राक्षांचे मळे. शहराच्या अगदी आत, ट्रामच्या थांब्यापासून दहा मिनिटांवर. पहिले काही महिने मी तिकडे फिरकले नाही. द्राक्ष दिसलं की दादा आठवायचे. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. मग जानेवारीतल्या एका शनिवारी रस्ता चुकून मी एका उतारावर निघाले. धुकं होतं, आणि वरून आवाज आला: कट्, थांबून परत कट्. छाटणीच्या कात्रीचा आवाज. तो मी झोपेतही ओळखीन.

वर एक सत्तरीचे आजोबा एकटेच काम करत होते. मी उभी राहून बघत होते. त्यांनी विचारलं, काही हवंय का? माझं जर्मन तेव्हा तुटकं होतं. मी म्हटलं, माझे वडीलही हेच करतात, भारतात. त्यांनी दुसरी कात्री खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली.

आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी. इथे एकच, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे मांडव, इथे चढावर सरळ उभ्या तारा. ते एका वेलीवर एक-दोन लांब काड्या ठेवतात, धनुष्यासारख्या वाकवतात आणि तारेला बांधतात. पहिली काडी वाकवताना मला वाटलं मोडणार. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं: दोन्ही हातांनी धरायची, एकदम नाही, थोडी थोडी पिळत न्यायची, आतून बारीक करकर ऐकू येते तिथे थांबायचं, मग पुढे. ती करकर मी घरी हजार वेळा ऐकली असणार, पण लक्ष कधी दिलं नव्हतं. मार्चमध्ये परत गेले तेव्हा छाटलेल्या प्रत्येक टोकावर पाण्याचा थेंब लोंबत होता. खालची मुळं जागी झाली की असं पाणी ठिबकतं. एक थेंब पडायचा, दुसरा भरायला लागायचा. अर्धा तास मी तेच पाहत उभी होते. नंतर दादांना फोन लावला आणि थेंब दाखवला. ते म्हणाले, "आता महिन्याभरात आपली पण खरड." एवढंच बोलणं झालं, पण तो दिवस मला अजून आठवतो.

याच आजोबांनी मला 'बेझन' दाखवली. बेझन म्हणजे झाडू. द्राक्ष पिकवणारा शेतकरी स्वतःच्या घरात तात्पुरती खानावळ उघडतो आणि उघडी असल्याची खूण म्हणून दाराला झाडू टांगतो. वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, बसायला चाळीसच जागा, असा नियम. मी वाइन पीत नाही, द्राक्षाचा रस मागते. तिथे मसूर आणि श्पेट्झलं नावाच्या शेवया मिळतात. बरोबर सॉसेज असतं, ते नको म्हणून सांगता येतं. पहिला घास घेतला आणि इस्लामपूर-कराड बाजूच्या ढाब्यांवरचा अख्खा मसूर आठवला. तिखट सोडलं तर फार लांबचं नातं नाही.

तुमच्या घरी द्राक्षं नसतील, ऊस असेल, दुकान असेल, सतारीचं काम असेल. मिरजेच्या एका मुलाला इथे व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानाबाहेर उभं राहायला आवडतं, लाकडाच्या आणि सरसाच्या वासासाठी. शोधलं की काही ना काही सापडतं.

साताऱ्याचे कंदी पेढे, घरचं तूप, कढीपत्ता नेता येतं का?

युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पनीर, खवा त्यात आले. पेढा खव्याचाच, म्हणून मी नेत नाही. साताऱ्यात थांबून ताजे दोन खाते आणि पुढे निघते. ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाच फळांना आहे. कढीपत्ता त्यात नाही.

मी नेते: तासगावचे बेदाणे, सांगलीची हळद, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि भडंग. भडंग पोचल्या आठवड्यातच फोडते, आणि ऑफिसातही नेते.

बाकीचं तिथे होतं. ज्वारीचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, जुनं असेल तर भाकरी तुटते, मग उकड काढायची. श्रीखंडासाठी क्वार्क घ्या, ४० टक्के स्निग्धांश लिहिलेलं, बिनचरबीचं नको. फडक्यात बांधून रात्रभर फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा, खाली भांडं. सकाळी चक्का तयार. गुढीपाडव्याला आमच्याकडे हेच असतं, आणि शेजारच्या बाई वाटी पुढे करून उभ्या असतात.

मार्च-एप्रिलात जंगलात रानलसणाची पानं येतात, घमघमाट सुटतो. मूठभर घरापुरती तोडायला हरकत नसते, चटणी झकास होते. पण अगदी तशीच दिसणारी दोन विषारी झाडंही तिथेच उगवतात, म्हणून जाणकार सोबत असल्याशिवाय हात लावू नका. प्रत्येक पान चुरगळून वास घ्यायचा असं सांगतात, पण पहिल्या पानानंतर बोटांनाच लसणाचा वास लागतो. तेव्हा बाजारातून जुडी आणलेली बरी.

भाषा धड येत नाही, मग लोकांत मिसळायचं कसं?

एकाच बेकरीत, एकाच वेळी, रोज जा. मी 'ग्रूस गॉट' (इकडचा नमस्कार) म्हणून एक लोण्याची ब्रेत्सेल घ्यायचे. श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या भागातली ब्रेत्सेल पोटाशी जाड आणि मऊ असते, तिथे चीर दिलेली, आणि हात बारीक, कुरकुरीत. तीन आठवड्यांनी काउंटरवरच्या बाईंनी न विचारता ती पिशवीत घातली. त्यानंतर एकदा मी आजारी पडून चार दिवस गेले नाही, तर पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठे होतात? परदेशात माझी गैरहजेरी कुणाच्या तरी लक्षात आली होती. व्याकरण हळूहळू येतं.

मराठी मंडळींतच राहिलं तर चालतं का?

चालतं. गणपतीत आरती म्हणायला, कुणाच्या तरी हातचं वरणभात खायला आपली माणसं हवीतच. पण आठवड्यातली एक संध्याकाळ तरी अशा ठिकाणी घालवा जिथे तुम्हीच एकटे मराठी आहात.

घरी संकट आलं असताना इथे आनंदात राहिलं की अपराधी वाटतं.

यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. ऑगस्ट २०१९ चा महापूर आला तेव्हा मावशीचं घर गावभागात पाण्यात होतं. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. श्टुटगार्टला त्या आठवड्यात लख्ख ऊन होतं, लोक बागेत आइस्क्रीम खात होते, आणि मला त्यांचा राग यायचा. मी तीन दिवस नीट जेवले नाही. चौथ्या दिवशी फोन लागला. मावशी एका शाळेत होती. माझा आवाज ऐकून म्हणाली, "तू जेवलीस का?"

त्यानंतर मी ठरवलं, जमेल ते करायचं: पैसे पाठवायचे, रोज ठरल्या वेळी फोन करायचा, बातम्या दिवसातून दोनदाच बघायच्या, आणि स्वतः दोन वेळा बसून जेवायचं. अपराधी वाटणं पूर्ण जात नाही. अवकाळीने आमची बाग गेली त्या वर्षीही वाटलं. पण मी उपाशी राहून दादांचा एकही घड वाचणार नव्हता, आणि माझा आवाज उतरलेला ऐकला की त्यांना दोन काळज्या व्हायच्या.

घरी फोन किती वेळा करावा?

किती वेळा यापेक्षा केव्हा करता ते बघा. उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तो बदलतो, तेव्हा आईला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर ती फोनजवळ तासभर बसून राहते.

काय जेवलीस, हवा कशी आहे, हे बोलणं पाच मिनिटांत संपतं. मला आवडतं ते वेगळंच: आई स्वयंपाक करते, फोन डब्याला टेकवून ठेवते, आणि मी माझी कामं करते. कुणीच बोलत नाही. कुकरची शिट्टी, बाहेरून जाणारी एसटी, आईचं स्वतःशी पुटपुटणं. चाळीस मिनिटं असा फोन चालू असतो.

आमची मुलगी डोंगरावरचे, तळ्यावरचे फोटो टाकते. अजून नोकरी नाही. लोक विचारतात, शिकायला पाठवलीत की फिरायला?

काका, काकू, तुम्हाला मनापासून सांगते: तो फोटो ती सावरलेली असल्याची खूण आहे. जी मुलं आठवडेच्या आठवडे एकही फोटो टाकत नाहीत, फोनवर "सगळं ठीक" एवढंच म्हणतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते. मी स्वतः त्या सात महिन्यांत एकही फोटो टाकला नव्हता, लोक काय म्हणतील म्हणून. तिला एकदा म्हणा, "फोटो छान आहे, तिथे अजून काय काय होतं ते सांग." लोकांना काय उत्तर द्यायचं ते तुम्ही बघालच. तिला मात्र तुमच्याकडून परवानगी हवी असते, ती कधी मागत नाही एवढंच.

एकटेपणा कधी गंभीर समजायचा?

दोन आठवडे सलग झोप उडाली, जेवण सुटलं, आवडती गोष्टही नकोशी झाली, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर फिरणं आणि स्वयंपाक यांवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा. विद्यार्थी असाल तर विद्यापीठ-शहरातल्या विद्यार्थी-सेवा संस्थेत समुपदेशन मिळतं. पदवीनंतर घराजवळच्या फॅमिली डॉक्टरपासून सुरुवात करा, आरोग्यविमा असतोच. जर्मनीत ०८०० १११ ० १११ हा 'टेलेफोनझेलझॉर्ग' या मन मोकळं करायच्या फोन-सेवेचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे. आणि घरी एका तरी माणसाला खरं सांगा.

सुट्टीला सांगलीत आलं की तीन आठवडे लग्नं आणि भेटीगाठींतच जातात. घरचं सुख मिळतच नाही.

येण्याआधीच दोन सकाळी राखून ठेवा. एक मी हरिपूरला घालवते, संगमेश्वराच्या घाटावर, कृष्णा-वारणेच्या संगमावर. सकाळी सातला तिथे कपडे धुणाऱ्या बायका असतात, पाण्यात म्हशी असतात आणि फारसं कुणी नसतं. दुसरी सकाळ आईबरोबर मंडईत. ती घासाघीस करते, मी पिशव्या धरते. नातेवाईक रागावतात, मग निवळतात.

आईवडील पहिल्यांदाच भेटायला येणार आहेत. काय दाखवू?

पहिले दोन दिवस काहीच ठरवू नका. झोप, घरचं जेवण, कोपऱ्यापर्यंत फेरी. मी ही चूक केली होती: ऑगस्टअखेर दादा आणि आई आले, आणि माझं तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना मोटारींचं संग्रहालय, किल्ला आणि ब्लॅक फॉरेस्ट दाखवून झालं होतं. दादा सगळीकडे हात मागे बांधून चालायचे आणि "छान आहे" म्हणायचे.

चौथ्या दिवशी उतारावरच्या मळ्यात नेलं. आजोबा तिथेच होते. दादांनी चप्पल काढून बाजूला ठेवली, आपल्या बागेत ठेवतात तशी. एक मणी तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बी आहे की गं." मग वाकून एक पान उलटं केलं, खालून पांढरी बुरशी दिसते का ते पाहायला. "डाऊनी येतो का इथे, विचार." मी विचारायच्या आधीच आजोबा पान बघून म्हणाले, "पेरोनोस्पोरा." एकाच रोगाची दोन नावं. मी दोन्हीकडचं भाषांतर करत होते. दादा हातांनी फवारा मारल्यासारखं करून म्हणाले, "बोर्डो?"

आजोबा एकदम हसले. "या, या!" म्हणजे हो, हो. "बोर्डो!"

मग त्यांना माझी गरज उरली नाही. पुढचा दीड तास दोघं ओळीओळीने चढावर फिरत होते, एक मराठीत बोलत होता, एक इथल्या श्वाबिश बोलीत. आई आणि मी खाली दगडी बांधावर बसलो होतो. आईने पिशवीतून भडंगाचा डबा काढला.